घरच्या अडगळीतला नरकासुर

आश्विन वद्य त्रयोदशीची रात्र सरत आलेली असते. महाराष्ट्रातील घराघरांत उटण्याच्या वाट्या भरून ठेवलेल्या असतात, पाट मांडून त्यांभोवती रांगोळी रेखलेली असते आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानाची वाट पाहत मुले कशीबशी डोळे मिटून पडलेली असतात. गोमंतकातील मुले मात्र त्या रात्री झोपत नाहीत. वाड्यावाड्यांवर, तिठ्यातिठ्यांवर एक अक्राळविक्राळ पाहुणा उभा असतो. त्याचे डोळे वटारलेले, जीभ लोंबणारी, सुळे ओठांबाहेर आलेले, पोट पेंढ्याने टम्म फुगलेले. तो नरकासुर! रात्रभर त्याची मिरवणूक चालावयाची आणि पहाटे, तांबडे फुटण्यापूर्वी, त्याचे दहन व्हावयाचे. ज्वाळा विझल्या की मुलांनी घरी परतावयाचे, तेल-उटणे लावून न्हावयाचे, तुळशीवृंदावनापाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कडू कारीट फोडावयाचे आणि मग दुधातले, ताकातले, रोसातले, गुळातले, फोडणीचे असे नानाविध पोहे, म्हणजे गोव्याचे ‘फोव’, खावयास बसावयाचे. हा तेथील दिवाळीचा क्रम.

दिवाळीचा सण दिव्यांचा खरा. परंतु या एका प्रांतात त्याचा आरंभ राक्षस घडविण्यापासून होतो. आणि तो राक्षस घडावयाचा कशापासून? घरातल्या अडगळीपासून. आजच्या या लेखाचा विषय तोच आहे.

भूमीचा पुत्र

नरकासुराची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तरी तिच्यातील एक धागा आपण सहसा विसरतो. प्राग्ज्योतिषपूरचा, म्हणजे आजच्या आसामकडील कामरूप प्रदेशाचा हा राजा. त्याने देवमाता अदितीची कुंडले हिरावून नेली, वरुणाचे छत्र पळविले, सोळा सहस्र राजकन्यांना बंदिवासात टाकले. शेवटी श्रीकृष्ण सत्यभामेसह गरुडावर आरूढ होऊन आले, त्यांनी मुर दैत्याला मारले आणि सुदर्शन चक्राने नरकाचा वध केला. ही कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे.

विसरला जातो तो धागा असा, की हा नरक भूमीचा पुत्र होता. ‘भौम’ हे त्याचे दुसरे नाव. वराहरूपी विष्णू आणि पृथ्वी यांचे हे अपत्य. पुत्र मारला गेल्यावर भूमी स्वतः श्रीकृष्णापुढे आली. तिने अदितीची कुंडले आणि वरुणाचे छत्र परत केले, आणि आपल्या भयभीत नातवाला, भगदत्ताला, त्याच्या चरणांशी घालून अभय मागितले. आसामातील प्राचीन वर्मन राजे आपली वंशावळ याच नरकापर्यंत नेत असत. म्हणजे ज्याला आपण जाळतो तो कोणी परका नव्हे. तो मातीतून आलेला, आपल्यातलाच, वाट चुकलेला एक जीव आहे.

मराठी भाषेनेही हे ओळखले आहे. अस्ताव्यस्त, घाणीने भरलेले घर पाहिले की आपण सहज म्हणतो, “घराचा नुसता नरक झाला आहे!” दिवाळीपूर्वीची झाडलोट आणि नरकचतुर्दशी यांचे नाते या एका वाक्यात आहे.

आजीचा दंडक

माझे बालपण फोंडा महालातील एका वाड्यावर गेले. भाताची कापणी नुकतीच उरकलेली असे. नव्या भाताचे पोहे कांडले जात आणि त्याच भाताचा पेंढा अंगणाच्या कडेला रचलेला असे. पोहे आमच्या पोटात जात व पेंढा नरकासुराच्या! घराची साफसफाई चालू असे. माळ्यावरची जळमटे निघत, रद्दीचे गठ्ठे खाली येत, पेटाऱ्याच्या तळाचे विरलेले कपडे बाहेर पडत. ही सारी अडगळ ओसरीच्या एका कोपऱ्यात साठली की आम्हां मुलांचे हात शिवशिवू लागत.

आजीचा एक दंडक होता. घरातल्या प्रत्येकाने नरकासुराला स्वतःची एक तरी वस्तू द्यावयाची. ती फाटकी असली तरी चालेल, पण स्वतःची हवी. वडील गळ्याशी झिजलेला सदरा देत, तोच त्याचा अंगरखा होई. काका तळ निघालेल्या वहाणा देत. आई भांडी घासण्याच्या काथ्याची जुनी जुडी देई, तिची दाढी होई. आजी आपल्या जुन्या लुगड्याचा काठ काढून देई आणि म्हणे, “हा त्याच्या कमरेला बांधा. राजा आहे तो, नुसता कसा उभा राहील?”

एका वर्षी मी माझी गणिताची वही दिली. तिच्यात लाल शाईच्या रेघोट्यांवाचून दुसरे काही नव्हते. ती वडिलांच्या दृष्टीस पडण्यापूर्वी राक्षसाच्या पोटात गडप व्हावी हा माझा हेतू. आजीला लिहितावाचता येत नव्हते; पण वही ज्या घाईने मी पेंढ्यात कोंबली ती तिने पाहिली असावी. ती काही बोलली नाही. वही तिने पेंढ्यातून बाहेर काढली, माझ्या हाती दिली आणि सांगितले, “पुता, नीट ठेव. छातीपाशी ठेव. लपवून नको.” त्या पहाटे ती वही जळताना मी पाहिली. वडिलांना मी नंतर आपण होऊन सारे सांगितले, आणि अपेक्षेपेक्षा कमी मार खाल्ला.

त्याच्याही आधीच्या एका वर्षीची गोष्ट. आठ दिवस खपून केलेला आमचा नरकासुर फारच देखणा झाला होता. पहाटे काकांनी चूड पुढे नेली तेव्हा मला रडू आवरेना. “जाळू नका, आपला आहे तो,” असे मी ओरडलो. आजीने मला जवळ घेतले. “आपला आहे म्हणूनच आपण जाळायचा,” ती म्हणाली, “शेजाऱ्याचा नरकासुर जाळून आपले घर कसे स्वच्छ होईल?” त्या वेळी या वाक्याचा अर्थ मला कळला नव्हता. आता वयाच्या या टप्प्यावर तो थोडाफार कळतो.

विकतचा राक्षस

पुढे नोकरीनिमित्त मुंबईत आलो आणि तेथलाच झालो. काही वर्षांपूर्वी नातवाने नरकासुराचा हट्ट धरला. सदनिकेत राहणारी आम्ही माणसे, जाळणार कोठे? बाजारातून एक प्लॅस्टिकचा मुखवटा आणून दिला. एका संध्याकाळी तो मिरवला गेला, दुसऱ्या दिवशी त्याचे रबर तुटले आणि तो माळ्यावर गेला. आजही तो तेथेच आहे. त्याचा रंग उडालेला नाही, शिंग मोडलेले नाही. गणपतीच्या आधी माळा झाडताना तो दरवर्षी माझ्याकडे पाहून दात विचकतो. हा राक्षस मरत नाही!

त्यानंतर एका दिवाळीला गोव्यात जाण्याचा योग आला. रात्री शहरातले नरकासुर पाहिले. कारागिरी थक्क करणारी होती. दुमजली घराएवढे देह, हलणारे हात, फिरणारे डोळे, तारेवरून सरसरत येणारे सुदर्शन चक्र. पारितोषिकांच्या स्पर्धा लागलेल्या, ध्वनिवर्धकांच्या भिंती दणाणत असलेल्या. तरुणांनी कित्येक रात्री जागून हे उभे केले होते. त्यांच्या कष्टांना व कल्पकतेला नावे ठेवण्याचे मला कारण नाही.

परंतु पहाटे त्याच रस्त्याने परत आलो तेव्हा निराळे दृश्य दिसले. लोखंडी सांगाडे रस्त्याच्या कडेला वाकून पडले होते. अर्धवट जळालेल्या थर्माकोलचे काळे गोळे गटारात अडकले होते. हवेत घशाला झोंबणारा धूर होता. आणि ज्या वेळी घरोघरी अभ्यंगस्नान चालू होते, त्या वेळी सफाईची काही माणसे हे सारे फावड्याने गोळा करीत होती. त्यांच्याही घरी मुले असतील, पाट मांडलेले असतील. आमच्या राक्षसाने आपला नरक त्यांच्या वाट्याला दिला होता.

थर्माकोल जळते ते निव्वळ काजळी आणि विषारी वायू सोडून. काही जातींचे प्लॅस्टिक जाळल्यास त्याहून घातक द्रव्ये धुरात उतरतात. पेंढा, सुती चिंध्या आणि कागद यांचा धूरही निरुपद्रवी नव्हेच. पण त्यांची राख मातीत मिळून जाते. जुन्या नरकासुराचे हे मोठे वैशिष्ट्य होते. तो भूमीचा पुत्र होता आणि भूमीकडेच परत जात असे.

अंगावर घेण्याचा असुर

मग शहरातल्या घरांनी काय करावे? जाळण्याजोगे अंगण नाही, म्हणून नरकासुर नको काय? मला वाटते, येथे आपली दुसरी एक परंपरा साहाय्यास येते. असुर नुसता उभा करून जाळावयाचा असेच काही नाही; तो अंगावर घेताही येतो. कोकणच्या शिमग्यात काळा झगा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू अशा थाटात संकासुर दारोदार नाचत येतो आणि मुले भीत भीत त्याच्या मागे धावतात. दशावतारी नाटकातही वेद चोरणारा संकासुर असतोच. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांचे आणि दैत्यांचे मुखवटे चढवून माणसे रात्रभर नाचतात. त्यांतले कित्येक मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात.

त्याच वाटेने गेल्या दोन दिवाळ्यांत नातवासाठी आम्ही घरीच सोंग केले. त्यात विकत आणलेली वस्तू एकही नव्हती. कृती सोपी आहे. वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी प्रारंभ केला म्हणजे पुरते.

मुखवटा

मुलाच्या चेहऱ्याहून किंचित मोठे, गोल बुडाचे मडके किंवा पातेले पालथे घालावे. रद्दीतील साध्या वर्तमानपत्राचे दोन बोटे रुंदीचे तुकडे करावेत. ते कात्रीने कापू नयेत, हाताने फाडावेत. फाटलेल्या कडांचे तंतू मोकळे होतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. गुळगुळीत, चकचकीत कागद घेऊ नये, तो खळ शोषीत नाही.

एक वाटी मैदा पाच वाट्या पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर शिजवावा. पारदर्शक झाला की खळ तयार झाली. तीत चमचाभर मेथीची पूड घालावी. आपल्याकडील बायका कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करीत तेव्हा मेथी वाटून घालीत; तिने लगद्याला चिकटपणा येतो.

भांड्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजविलेल्या कागदाचा द्यावा, म्हणजे मुखवटा पुढे सहज सुटतो. त्यावर खळीत बुडविलेल्या तुकड्यांचे सहा-सात थर द्यावेत. एक थर आडवा, तर दुसरा उभा. उरलेला कागद भिजवून, कुटून, पिळून त्याचा लगदा करावा आणि त्यात खळ मिसळावी. या लगद्याने नाक, भुवया, गाल आणि ओठ उठवावेत. येथे मुलांना मोकळीक द्यावी. नाक वाकडे झाले तर होऊ द्यावे. राक्षसाला सरळ नाकाची गरज नाही.

आश्विनातले ऊन कडक असते. दोन-तीन दिवसांत मुखवटा खडखडीत वाळतो. मग तो भांड्यावरून उतरवावा आणि मुलाच्या चेहऱ्यावर धरून डोळ्यांच्या व नाकाच्या जागा पेन्सिलीने खुणावून घ्याव्यात. भोके पाडावयाची ती मुखवटा खाली ठेवून व मोठ्या माणसाने. चेहऱ्यावर असताना कात्री जवळही आणू नये. डोळ्यांची भोके ऐसपैस असावीत, नाहीतर राक्षस उंबऱ्याला अडखळून देवाच्या आधीच कोसळावयाचा!

रंग आणि अलंकार

पहिला हात खडूच्या भुकटीत खळ मिसळून द्यावा, म्हणजे छापील अक्षरे झाकली जातात. रंगांसाठी स्वयंपाकघर पुरे आहे. पिवळ्यासाठी हळद, तांबड्यासाठी गेरू, काळ्यासाठी दिव्याची काजळी, ती दोन थेंब तेलात व थोड्या खळीत खलून. हळदीत चिमूटभर खायचा चुना पडला की ती तत्काळ लाल होते. हे पाहताना मुलांना जादू वाटते. मात्र ओला चुना त्यांच्या हाती देऊ नये आणि मुखवट्याच्या आतल्या बाजूस तर मुळीच लावू नये.

सुळ्यांसाठी कागदाच्या सुरळ्या वळाव्यात, बारीक दातांसाठी तांबड्या भोपळ्याच्या वाळलेल्या बिया ओळीने चिकटवाव्यात. दाढीमिशांसाठी नारळाची शेंडी विंचरून घ्यावी. शिंगे पुठ्ठ्याच्या सुरळ्यांची. मुकुट मिठाईच्या रिकाम्या खोक्याचा. त्यावर चहाच्या पुड्यातील चांदीसारखा कागद लावला की दिव्यांच्या प्रकाशात तो खऱ्यासारखा झळकतो. कानांत जुन्या बांगड्या अडकवाव्यात. ती अदितीची कुंडले! ती सैल दोऱ्याने बांधावीत, कारण शेवटी परत द्यावयाची आहेत.

मुखवट्याच्या आत जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा चिकटवावा, म्हणजे कागद गालाला टोचत नाही. बांधण्यासाठी रबर नको, परकराची जुनी नाडी घ्यावी.

अंगरखा आणि पोट

अंगावर वडिलांचा जुना सुती सदरा उलटा घालावा, गुंड्या पाठीकडे. पोटाशी जुनी उशी बांधावी; हे पोट नसेल तर नरकासुराला कोणी नरकासुर म्हणणार नाही. धान्याच्या रिकाम्या गोणपाटाला मान व हात जाण्यापुरती भोके पाडली की त्याचे चिलखत होते. कमरेला चिंध्यांची जाड वेणी. हाती गदा, कागदाच्या सुरळीवर रद्दीचा गोळा बांधून ती होते आणि कोणाला लागली तरी दुखत नाही.

कपडे सुतीच असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड ठिणगी लागताच वितळून अंगाला चिकटते. दिवाळीत जागोजाग पणत्या असतात, शेजारी फटाके उडतात; शेंडीची दाढी आणि गोणपाट भरकन पेटणारे. म्हणून या सोंगाने पणत्यांपासून व फटाक्यांपासून दूर, घरात विजेच्या प्रकाशातच वावरावे आणि एक मोठे माणूस सतत त्याच्याजवळ असावे.

चतुर्दशीची पहाट

आमच्या इमारतीत हा खेळ आता ठरून गेला आहे. पहाटे पाचाच्या सुमारास नरकासुर जिन्याने गर्जना करीत खाली येतो. आवाज बेताचाच, कारण वरच्या मजल्यावर आजारी माणसे आहेत. खालच्या मोकळ्या जागेत श्रीकृष्ण उभा असतो. गेल्या वर्षी तो मान शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाचा होता, आणि सत्यभामा त्याची मोठी बहीण. पुठ्ठ्याचे चक्र सुटते, असुर धाडकन नव्हे, तर उशी सांभाळीत बसतो. मग कोणी तरी आई भूमी होऊन पुढे येते, त्याच्या कानांतील कुंडले काढते आणि परत देते. सर्व मुले घरोघर न्हावयास पळतात.

दंडक आजीचाच ठेवला आहे. त्या अंगरख्याच्या खिशात प्रत्येकाने स्वतःचे काही तरी घालावयाचे. मुले एका चिठोऱ्यावर लिहून घालतात. कोणी वाचावयाचे नाही असे ठरले आहे. नातवाने गेल्या वर्षी काय लिहिले ते मला ठाऊक नाही. मी काय लिहिले तेही त्याला ठाऊक नाही. पण आम्ही दोघांनी एकाच खिशात ते ठेवले आणि नंतर थोडा वेळ दोघेही गप्प होतो.

परत मातीकडे

भाऊबीज झाली की मुखवटा उतरवावयाचा. बांगड्या आणि चांदीचा कागद काढून घ्यावयाचा. सदरा, उशी आणि गोणपाट झटकून पुढल्या वर्षासाठी ठेवावयाचे. उरलेला कागदी मुखवटा व ती चिठोरी बादलीभर पाण्यात भिजत घालावयाची. दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा ओळखू येत नाही. तिसऱ्या दिवशी तो निव्वळ लगदा असतो. तो कुंड्यांच्या खतात, वाळलेल्या पानांबरोबर मिसळून टाकतो. कागद, खळ, हळद, गेरू, बिया आणि मेथी, सारे मातीचेच. काही महिन्यांत मातीचे होऊन जाते. गेल्या पावसाळ्यात त्याच कुंडीत भोपळ्याचा एक वेल आपोआप उगवला. राक्षसाच्या दातांचा!

प्लॅस्टिकचा तो जुना मुखवटा मात्र अजून माळ्यावर आहे. नातू मला विचारतो, “आजोबा, हा कधी मरणार?” माझ्यापाशी उत्तर नाही. म्हणून तो आम्ही टाकूनही देत नाही. आपल्या घरातून गेला तर दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊन बसेल. तो आमचा आहे, आमच्याच माळ्यावर राहील.

वाचकहो, दिवाळीची झाडलोट आता आपल्या घरी चालू असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी चार वर्तमानपत्रे बाजूला काढून ठेवा. हवे तर हेच पान घ्या. राक्षसाच्या नाकासाठी ते उत्तम चालेल. घरातल्या मुलांना जवळ बसवा आणि प्रत्येकाने स्वतःचे असे काही त्याला द्या. चतुर्दशीच्या पहाटे आपल्या हातांनी घडविलेला तो असुर आपल्याच दारात पडू दे, आणि मग कढत पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घ्या.

सर्वांना दीपावली सुखाची जावो.